धामणीचे दप्तर

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्याच्या शिवारात दगड झालेली हाडे सापडतात, ही वार्ता नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जगाला कळविली, आणि तेव्हापासून भूगर्भशास्त्रज्ञांची पावले त्या शेतांकडे वळत राहिली. २०११ साली याच शिवारातील काही मणक्यांवरून मोहबे, हेड आणि विल्सन या तिघा संशोधकांनी एका प्रचंड सर्पाची नवी जाती नोंदविली आणि तिला गावाचेच नाव दिले : माडत्सोइया पिसदुरेन्सिस. तो सर्प ज्या काळी येथे हिंडत होता त्या काळाला साडेसहा कोटींहून अधिक वर्षे लोटली. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, मुलखात सापाची वहिवाट इतकी जुनी आहे. माणसाची त्यामानाने कालपरवाची. या दोन रहिवाशांचा संबंध पुढे कसकसा होत गेला हे पाहू लागलो म्हणजे एक गोष्ट विशेष जाणवते, ती अशी की, येथे सापाची पूजा झाली, त्याचा खेळ झाला, त्याच्या मुंडक्याला बक्षीस लागले, त्याची कातडी कमावली गेली, त्याच्याकरिता कायदाही झाला; परंतु त्याची पैदास मात्र कोणी केली नाही. अमेरिकेत आणि युरोपात कॉर्न स्नेक आणि त्याच्या गोतावळ्यातले उंदीर खाणारे बिनविषारी साप घरी बाळगावे, त्यांच्या जोड्या लावाव्या, अंडी उबवावी, पिलांच्या रंगांची पिढ्यान्‌पिढ्या टिपणे ठेवावी, ही हौस आता इतकी रूढ झाली आहे की तिच्यावर ग्रंथ आहेत, प्रदर्शने आहेत, मोठा व्यापार आहे. ज्या मुलखात साप उदंड आणि साप धरणारे हातही उदंड, तेथे ही हौस का उपजू नये, असा प्रश्न कोणालाही पडावा, आणि त्याचे उत्तर शोधू गेल्यास या दोन जिल्ह्यांच्या इतिहासातील बऱ्याच गोष्टी हाताशी येतात.

प्रथम पूजेची गोष्ट. १९६४ पर्यंत ज्याला चांदा म्हणत आणि ज्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला, त्या या विस्तीर्ण प्रदेशावर गोंड राजांच्या आधी माना नावाच्या नागवंशीयांची सत्ता होती, अशी येथील परंपरा सांगते. इंग्रजी अमदानीत १८६९ साली चांद्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिणारे मेजर ल्यूसी स्मिथ यांनीही ती परंपरा नमूद केली आहे. गडचांदुराजवळच्या डोंगरावरील माणिकगड हा किल्ला याच नागवंशीयांचा म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या दरवाजावर नागाची आकृती कोरलेली आहे. माना जमातीत मार्गशीर्षातील नागदिवाळी आजही थाटाने साजरी होते. भद्रावती, म्हणजे जुने भांदक, येथे तर नागाचे दैवत म्हणून भद्रनागाचे स्वतंत्र मंदिर आहे, आणि त्याच गावी जैनांचे जे पार्श्वनाथाचे तीर्थ आहे तेथेही तीर्थंकराच्या मस्तकावर नागफणांचे छत्र आहे. विंजासनची बौद्ध लेणीही याच गावी. तिन्ही धर्मांनी वस्ती केलेल्या या गावात नागाला असे दोन ठिकाणी आसन मिळावे, यात योगायोगापेक्षा अधिक काही असावे असे मला वाटते. परंतु तो विषय निराळा. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की, ज्याची पूजा करावयाची तो साप दगडाचा असतो, मातीचा असतो, किंवा भिंतीवर गंधाने काढलेला असतो. जिवंत सापाचे दर्शन वर्षातून एकदा, श्रावणातल्या पंचमीला, आणि तेही दुसऱ्या कोणीतरी धरून आणलेल्या सापाचे. पूजकाला साप सांभाळावा लागत नाही.

शिवाय पूजेचा सगळा मान नागाला. ज्या जातकुळीतून पाळीव सापांची हौस जन्मली त्या जातकुळीला या देवघरात जागा नव्हती. तिचे येथील दोन प्रतिनिधी म्हणजे धामण आणि तस्कर. धामण दोन मीटरपर्यंत सहज वाढते, क्वचित त्याहूनही पुष्कळ लांब होते. रंगाने पिवळसर, करडी किंवा तपकिरी, डोळे मोठे, चाल विलक्षण चपळ. लिनिअसने १७५८ सालीच तिचे शास्त्रीय बारसे केले आहे. तस्कर तिच्यापेक्षा लहान आणि सडपातळ; अंगाच्या पुढच्या भागावर पांढऱ्या ठिपक्यांचे आडवे पट्टे आणि मागच्या भागावर शेपटीपर्यंत गेलेल्या दोन गडद रेघा. डिवचला म्हणजे तो मान उभारून तिचे वेटोळे करतो आणि तोंड वासून अंगावर येतो; विष मात्र थेंबभरही नाही. या तस्कराला प्राणिशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाचा बराच काळ ज्या गणात घातले होते त्याच गणात अमेरिकेचा कॉर्न स्नेकही होता, म्हणजे कागदोपत्री तरी नागभीडच्या घराच्या वळचणीतला चोर आणि कॅरोलिनाच्या मक्याच्या कोठारातला चोर हे चुलतभाऊ होते. पुढे शास्त्रज्ञांनी वाटण्या करून दोघांची घरे निराळी केली, तरी धंदा दोघांचा एकच राहिला : धान्यामागे उंदीर, आणि उंदरामागे साप.

चंद्रपूरचा पूर्वभाग आणि गडचिरोलीचा उत्तरभाग ज्या झाडीपट्टीत मोडतात ती सारी धानाची. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, कुरखेडा या बाजूला गेले म्हणजे बांध्यांच्या चौकोनांमागे चौकोन लागतात, आणि त्यांना पाणी पुरविणारे मामा तलाव. हे तलाव बांधण्याचे कसब कोहळी समाजाचे, आणि त्यांच्यामागे गोंड राजांनी व मागाहून मालगुजारांनी दिलेले उत्तेजन. धामणीला राहावयाला याहून सोयीचा मुलूख सापडणे कठीण. धुऱ्यात उंदरांची बिळे तयार, तलावाच्या काठी बेडूक तयार, पोहण्यात ती पटाईत, आणि कापणीनंतर धानाचे पुंजणे रचले की त्यांच्या बुडाशी उंदरांची नवी वस्ती होणारच. मळणीनंतर तणसाच्या ढिगात आणि घरातल्या बांबूच्या ढोलीभोवतीही तिचा वावर असे. शेतकऱ्याने तिला खाऊ घातले नाही, तिला घर दिले नाही, तिचे नाव कोणत्या सातबाऱ्यावर चढले नाही. तरी धान्य राखण्याचे काम तिने बिनपगारी केले, आणि बहुतेक वेळा त्याचा मोबदला म्हणून काठी खाल्ली.

कारण तिच्यासंबंधीचे समज सारे विपरीत. ती म्हशीच्या मागच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, ती शेपटी नाकपुडीत खुपसून जनावर मारते, ती नागाची मादी असते : ही तिन्ही विधाने मराठी मुलखात कोठेही ऐकावयास मिळतील आणि तिन्ही निखालस खोटी आहेत. दूध ओढून घेण्यासारखी सापाच्या तोंडाची रचनाच नसते. नाग आणि धामण या दोन भिन्न कुळांतील जाती. त्यांचा शरीरसंबंध होत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाळ्याच्या तोंडावर दोन मोठ्या धामणी एकमेकींना पीळ घालून जमिनीपासून हातभर उंच उभ्या राहतात, आणि तो प्रणय समजून लोक त्यांच्यावर पांढरे वस्त्र टाकतात व मग ते वस्त्र भाग्याचे म्हणून जपून ठेवतात. वस्तुतः ते दोन्ही नर असतात आणि चाललेली असते ती कुस्ती. ज्या प्राण्याचा नर कोणता आणि मादी कोणती याविषयीच लोकसमजात इतका गोंधळ, त्याच्या जोड्या लावण्याचा विचार कोणाच्या मनात यावा कसा?

साप बाळगण्याचा धंदा म्हणून जो काही होता तो गारुड्याचा. पुंगी, डुगडुगी, बांबूच्या दोनचार पेटाऱ्या, झोळीत मुंगूस, आणि पेटाऱ्यांत एक-दोन नाग, एक धामण, एखादे मांडूळ, क्वचित अजगर, असा हा फिरता संसार गावच्या बाजारात किंवा जत्रेत उतरे. गारुड्याच्या कसबाला मी कमी लेखू इच्छीत नाही. भर दुपारी बिळाच्या तोंडाशी बसून, मातीवर उमटलेल्या पुसट रेघेवरून आत कोण आहे हे सांगणारा डोळा आणि त्याला इजा न होऊ देता बाहेर ओढणारा हात, ही पिढीजात विद्या होती. परंतु ती धरण्याची विद्या होती, वाढविण्याची नव्हे. धरलेल्या नागाचे दात पाडीत, पुष्कळदा विषाच्या पिशव्या डागून निकामी करीत, कधी तोंडच शिवून टाकीत. मग पंचमीच्या दिवशी दूध प्यावे म्हणून त्याला कित्येक दिवस तहानलेले ठेवीत. सापाला दूध पचत नाही. तहानेने व्याकूळ झाल्यामुळे तो ते पितो आणि त्याने बहुधा मरतो. असा नाग काही आठवडे, फार तर काही महिने जगे. धामणीची स्थिती किंचित बरी, कारण तिला विषच नसल्याने तिच्या तोंडाला कोणी हात लावीत नसे. ती पोरांच्या गळ्यात घालण्यापुरती. पण धामण हा जात्याच बुजरा आणि तापट साप. कोंडला म्हणजे नाकाडाने पेटारी घासून घासून ते सोलून घेतो, घसा फुगवून गुरगुरल्यासारखा आवाज करतो, आणि भक्ष्य पुढे ठेवले तरी पुष्कळदा शिवत नाही. मेलेल्या सापाची गारुड्याला खंत असण्याचे कारण नव्हते. दुसरा साप पुढच्याच गावच्या धुऱ्यात होता.

पश्चिमेला सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीची जी प्रथा होती तीत साप धरल्यावर मडक्यात ठेवून, त्याला खाऊ घालून, सण झाल्यावर जेथून आणला तेथे नेऊन सोडीत. त्यात सापाविषयी आस्था अधिक होती हे खरे; उच्च न्यायालयाने ती प्रथा कायद्याच्या चौकटीत आणून आवरली, याविषयी तेथील लोकांना जी हळहळ वाटते तिचे मूळ या आस्थेत आहे. तथापि तेथेही साप महिन्याभराचा पाहुणा. त्याची संतती पाहण्याइतका काळ तो कोणाकडे राहिला नाही.

सरकारच्या दप्तरात सापाचा प्रवेश झाला तो मात्र मृत्यूच्या दाराने. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा इंग्रजी अमलाखाली आला, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हिंदुस्थान सरकारने हिंस्र पशू व सर्प यांच्यामुळे दगावलेली माणसे किती, गुरे किती, मारलेले पशू किती, साप किती आणि वाटलेले इनाम किती, यांचे वार्षिक तक्ते मागविण्याचा शिरस्ता पाडला. जोसेफ फेरर यांचा हिंदुस्थानातील विषारी सापांवरचा सचित्र, भव्य ग्रंथ १८७२ साली निघाला तो याच वातावरणात. बक्षिसाच्या आमिषाने काय होई याचा मासला पाहावयाचा तर रत्नागिरी जिल्ह्याकडे पाहावे. तेथे १८६२ च्या डिसेंबरात अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून हजर केल्याची नोंद आहे. इनाम विषारी सापापुरते असे; पण काठीने ठेचलेले मुंडके घेऊन कोणी कचेरीत आला, तर ते घोणसाचे की धामणीचे याचा निवाडा तेथल्या कारकुनाने कशावरून करावा? धामणीसारखा निरुपद्रवी प्राणीही अशा आकड्यांत मिसळला असावा.

येथे एका लोकप्रिय कथेचा समाचार घेणे भाग आहे, कारण ती थेट आपल्या विषयावर येते. दिल्लीत इंग्रजांनी नागांवर बक्षीस लावले, तेव्हा लोकांनी बक्षिसासाठी घरोघर नागांची पैदास सुरू केली, आणि सरकारला हे कळून बक्षीस बंद होताच त्यांनी ते सारे नाग सोडून दिले, अशी ही कथा. होर्स्ट सीबर्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली आपल्या पुस्तकाचे नावच तीवरून ठेविले आणि ती जगभर झाली. अर्थशास्त्राच्या वर्गात ती शोभते. पण ज्याने नाग ठेवला आहे त्याला ती पटणार नाही. नर-मादी ओळखून एकत्र ठेवावे, मादीची अंडी दोन महिने जपावी, निघालेल्या पिलांना त्यांच्या तोंडात मावेल असे भक्ष्य मिळवावे, ती एकमेकांना खाणार नाहीत असे पाहावे, आणि बक्षिसाच्या लायकीचे होईपर्यंत वर्ष दोन वर्षे पोसावे, हे सारे काही आण्यांसाठी कोण करील? त्याच वेळात त्याला नदीकाठच्या झुडपांतून डझनभर साप मिळतील. रत्नागिरीचा तो आठ दिवसांचा आकडा हेच सांगतो.

यातच माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. जे हवे आहे ते रानात हात घालताच मिळत असेल, तोपर्यंत माणूस पैदाशीच्या भरीस पडत नाही. जे हवे ते रानात मिळेनासे झाले, किंवा रानात सहसा मिळणारच नाही असे काही त्याच्या मनात भरले, म्हणजे मग तो जोडी लावतो आणि वही घालतो. कॉर्न स्नेकची कथा हेच सांगते. लिनिअसने १७६६ मध्ये नाव दिलेला हा साप अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत मुबलक होता, आणि मुबलक होता तोवर तोही धरून आणून ठेवण्यापुरताच होता. १९५३ साली उत्तर कॅरोलिनात एक असा नर सापडला की, ज्याच्या अंगी काळे रंगद्रव्यच नव्हते; नेहमीच्या काळ्या किनारी गेल्यामुळे तो निव्वळ नारिंगी, तांबडा आणि पांढरा दिसत होता, डोळेही लाल. जॉर्जियातील व्हाल्डोस्टा येथे त्वचारोगतज्ज्ञ असलेले डॉक्टर बर्नार्ड बेक्टेल यांनी तो घेतला. कातडीचा रंग हा त्यांच्या व्यवसायाचाच विषय. त्यांनी साध्या मादीशी त्याचा संयोग घडविला, तेव्हा पिले सारी साधीच निघाली. परंतु मेंडेलने १८६६ साली वाटाण्यांवरून जो नियम सांगितला होता त्यानुसार तो रंग पिलांच्या पोटात दडून बसलेला होता, आणि १९६१ साली पुढच्या पिढीत तो लाल डोळ्यांनिशी पुन्हा बाहेर आला. १९६२ मध्ये त्यांनी हा आनुवंशिकतेचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. रंगांचे जे शेकडो प्रकार आज प्रदर्शनांतून मांडले जातात त्यांच्या परंपरेचा आरंभ येथे आहे. अशा हौशी मंडळींपैकी काहींनी आपल्या तस्करालाही परदेशी डब्यात बसवून त्याची पिले काढली आहेत. त्याच्या जन्मभूमीत ते कोणाला सुचले नाही.

हे न सुचण्याचे कारण बुद्धीचा किंवा निरीक्षणाचा अभाव, असे जर कोणी म्हणेल तर त्याने नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांची हकीकत ऐकावी. १९८३ साली आपल्या दीड एकराच्या तुकड्यात पटेल-३ जातीच्या धानात त्यांना दोन-तीन लोंब्या निराळ्या रंगाच्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी वेगळे पेरले, रानडुकरांपासून जपले, आणि वर्षामागून वर्ष निवडीत राहून असा बारीक, चवदार तांदूळ सिद्ध केला की, एका व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले आणि ‘एचएमटी’ म्हणून तो अनेक राज्यांत पसरला. शाळेत तिसरीपर्यंत शिकलेल्या या शेतकऱ्याने आपल्या बांधीत जे केले आणि जॉर्जियाच्या डॉक्टरने सापांच्या पिंजऱ्यात जे केले, त्यांत तत्त्वतः काही अंतर नाही : हजारांत एक निराळे दिसले, ते उचलले, वेगळे ठेवले, आणि त्याच्या संततीवर नजर ठेवली. प्राण्यांच्या बाबतीतही तेच. गडचिरोलीच्या कोंबडबाजारात पायाला काती बांधून झुंजणारा कोंबडा कोणाच्या कोंबडीचा, त्याचा बाप किती झुंजी जिंकला, हे बघ्यांतला म्हातारा न अडखळता सांगतो. झुंजीचा कोंबडा रानात मिळत नाही. त्याची वंशावळ राखावी लागते, म्हणून ती राखली जाते. धामण रानात मिळे. म्हणून तिला वंशावळ नव्हती.

कातडीच्या व्यापारानेही हेच दाखविले. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत सापाच्या कातडीच्या पायताणांची, पट्ट्यांची आणि पिशव्यांची टूम निघाली तेव्हा लांब, रुंद आणि सुबक खवल्यांच्या धामणीला सर्वांत जास्त मागणी आली, आणि हिंदुस्थानातून दरवर्षी लाखोंच्या संख्येने कातडी बाहेर जाऊ लागली. मद्रासकडील इरुळा जमातीचा तर तो पोटाचा उद्योग झाला. एवढ्या मोठ्या व्यापाराने धामणीचा एकही पैदासखाना उभारला नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७६ मध्ये सापाच्या कातडीची निर्यात बंद झाली, आणि इरुळांच्या त्याच हातांना १९७८ पासून सहकारी संस्थेमार्फत प्रतिविषासाठी सापांचे विष काढण्याचे काम मिळाले; साप तेथेही रानातून धरून आणावयाचे आणि विष काढून परत सोडावयाचे. चीनमध्ये मात्र रानातले साप खाण्यापिण्याच्या आणि औषधांच्या मागणीला पुरेनात, तेव्हा १९८० नंतर झेजियांग प्रांतातील झिसिछियाओसारख्या गावांनी सापांची शेती आरंभिली, आणि चीन-व्हिएतनामच्या अशा शेतीत आपली धामणही वाढविली जाऊ लागली. हौस नव्हे, टंचाई. पण परिणाम तोच.

आपल्याकडे टंचाई जाणवण्याच्या आधीच कायदा आला, आणि त्याने धरण्याचा व वाढविण्याचा, दोन्ही मार्ग एकदमच बंद केले. वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता ठरली. धामण, नाग, घोणस यांची नावे अनुसूचीत चढली. परवान्याशिवाय साप जवळ बाळगणे हा अपराध झाला. गारुड्याची पेटारी यापुढे मुद्देमाल झाली. हे योग्यच झाले असे मी मानतो, मात्र पिढीजात विद्या जप्त करताना त्या विद्येच्या धन्यांना दुसरे काही द्यावे, हे मद्रासकडे जसे सुचले तसे विदर्भात सुचले नाही, ही खंत उरतेच.

याच संधिकालात, २३ डिसेंबर १९७३ रोजी, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांच्या संगमापासून जवळच हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉक्टर प्रकाश व मंदाकिनी आमटे तेथे राहावयास आले. तेथील माडिया आदिवासींनी शिकारीत मारलेल्या माकडिणीचे जिवंत पिलू डॉक्टरांनी मागून घेतले, त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. बिबटे, अस्वले, हरणे यांबरोबर तेथे सापही आले. या जंगलात सर्पदंश हा रोजचा धोका, आणि दंश झाला की पाय पुजाऱ्याकडे वळणार. अशा ठिकाणी जिवंत साप हातात घेऊन विषारी कोणता आणि बिनविषारी कोणता हे डॉक्टरांनी दाखवावे, याला दवाखान्याच्या कामाचाच एक भाग समजले पाहिजे. खेळासाठी, इनामासाठी, कातडीसाठी असे साप आजवर धरले गेले होते. केवळ ओळख पटावी म्हणून या जिल्ह्यात साप ठेवला गेल्याचे ठळक उदाहरण हेच. पुढे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांत हे अनाथालय बचाव-केंद्र म्हणून बसविण्यात आले. बचाव-केंद्राचा धर्म सांभाळण्याचा. वंश वाढविण्याचा नाही.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ सापांच्या सहवासात ७२ तास काढून जो लोकविलक्षण प्रयोग केला, आणि १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान ज्या परिश्रमाने उभे केले, त्यांतून ‘सर्पमित्र’ नावाचा एक नवाच वर्ग निर्माण झाला. चंद्रपुरात त्याला काम उदंड. औष्णिक वीजकेंद्र, कोळशाच्या खाणी, त्यांच्या वसाहती आणि वाढते शहर हे सारे रानाच्या अंगावर चढत गेले, आणि वसाहतीतल्या कचऱ्याबरोबर उंदीर व उंदरांबरोबर धामण-तस्कर क्वार्टरांच्या मोरीत येऊ लागले. पूर्वी काठी येई, आता दूरध्वनी जातो. सापाचा व्यापार मात्र पुरता संपलेला नाही. गुप्तधनाच्या आणि दैवाच्या खुळापायी मांडुळाची चोरटी विक्री होते, वजनावर किंमत बोलली जाते, आणि पोलिसांच्या व वनखात्याच्या पंचनाम्यांत त्या मुक्या प्राण्याची नोंद अधूनमधून येते.

कॉर्न स्नेक स्वतः आता भारतातील मोठ्या शहरांत पोहोचला आहे. २०२० साली केंद्र सरकारने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची माहिती स्वेच्छेने जाहीर करण्यास सांगितले, आणि कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारातील प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. आफ्रिकेचा बॉल पायथॉन त्या करारात आहे; कॉर्न स्नेक त्यात नाही. परिणाम असा की, चंद्रपूरचा रहिवासी आपल्या अंगणातला तस्कर डब्यात ठेवील तर तो गुन्हेगार, आणि त्याच तस्कराचा अमेरिकन चुलतभाऊ डब्यात ठेवील तर त्याच्यावर त्या नोंदणीचे बंधन नाही. ज्या कायद्याने धामण वाचविली त्याच कायद्याची ही विसंगती आहे, आणि ती दुरुस्त करावयाची तर परदेशी सापावर बंधन घालून करावी, देशी सापाचे सोडून नव्हे. कारण पैदाशीच्या नावाखाली रानातले साप धरून विकण्याला मग कोण आवरणार?

या साऱ्या निर्बंधांत एक लहानशी फट राहिली आहे. धुरे दुरुस्त करताना, तणसाचा जुना ढीग हलविताना किंवा घराचा पाया खणताना धामणीची अथवा तस्कराची अंडी उघडी पडतात. मादी निघून गेलेली असते. अशी अंडी सर्पमित्र वनखात्याला कळवून नेतात, सापडताना जी बाजू वर होती तीच वर ठेवून ओलसर मातीत किंवा नारळाच्या भुशात मांडतात, ती पालथी होऊ देत नाहीत, ओल आणि ऊब सांभाळतात, आणि साधारण दोन महिन्यांनी पिले कवच चिरून बाहेर आली की वनरक्षकाच्या समक्ष ती रानात सोडतात. बेक्टेलच्या वहीत जी माहिती असे तिच्यातली थोडीशी येथे प्रथमच लिहिली जाते : अंडी केव्हा मिळाली, किती उबली, किती वाया गेली, पिलांची लांबी काय. आईबापांचा रकाना रिकामा राहतो, आणि पिले सोडल्याची तारीख पडली की ती नोंद बंद होते.